ऑलिव्हर कान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुटबॉलवर मराठीत काहीही लिहिलं, अगदी मेस्सीवर लिहिलं, तरी दोन-चार जण हमखास विचारतात, ‘तो जर्मनीचा पिवळ्या केसांचा गोली आठवतो का? ओरडणारा?’ आठवतो. २००२ चा विश्वचषक शाळेतून धावत घरी येऊन पाहिलेली मंडळी आता चाळिशीला टेकली आहेत आणि त्यांची मुलं कानच्या जुन्या क्लिपा मोबाइलवर बघताहेत. त्यामुळे प्रश्न दोन्ही पिढ्यांकडून येतात. वारंवार आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तराचा भाग दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ऑलिव्हर कान कोण? पाच ओळींत सांगा, बाकी नंतर वाचतो.

जर्मनीचा गोलरक्षक, जन्म १५ जून १९६९, गाव कार्ल्सरुहे. आधी गावच्याच कार्ल्सरुहे एससीकडून आणि मग १९९४ ते २००८ अशी चौदा वर्षं बायर्न म्युनिककडून खेळला. बुंडेसलिगाचे, म्हणजे जर्मनीच्या मुख्य लीगचे, ५५७ सामने (१२८ कार्ल्सरुहेचे, ४२९ बायर्नचे), आठ लीग विजेतेपदं, सहा जर्मन चषक, १९९६ चा यूएफा चषक, २००१ ची चॅम्पियन्स लीग आणि त्याच वर्षीचा इंटरकॉन्टिनेंटल चषक. देशाकडून ८६ सामने, त्यांतल्या ४९ मध्ये कर्णधार. विश्वचषकातल्या सर्वोत्तम खेळाडूचा ‘गोल्डन बॉल’ मिळवणारा आजवरचा एकमेव गोलरक्षक.

२. हा ‘खान’ आहे का? मूळचा आपल्याकडचा?

नाही. हा प्रश्न इतक्यांदा येतो की त्याला वरचा क्रमांक देणं भाग होतं. रोमन लिपीतलं स्पेलिंग घाईत वाचलं की ‘खान’ वाटतं, पण ‘एच’ मागे आहे, पुढे नाही. उच्चार सरळ ‘कान’, आपण डोक्याच्या दोन्ही बाजूंना बाळगतो तोच. जर्मनमध्ये या शब्दाचा अर्थ छोटी सपाट होडी. आडनाव कान आणि सगळी कीर्ती हातांची, हा विनोद फक्त मराठीतच जमतो, म्हणून एकदा करून घेतो.

घराण्याचा एक धागा मात्र जर्मनीबाहेरचा आहे. वडील रॉल्फ कान यांचा जन्म लॅटव्हियातल्या लिएपाया या बंदराच्या गावी झाला. तेही फुटबॉलपटू होते आणि कार्ल्सरुहेकडूनच खेळले.

३. पहिला सामना कसा गेला? लहानपणापासूनच भारी होता का?

सहा-सात वर्षांचा असताना तो कार्ल्सरुहेच्या मुलांच्या संघात दाखल झाला. बुंडेसलिगातला पहिला सामना २७ नोव्हेंबर १९८७ रोजी, कोलोनविरुद्ध. वय १८. निकाल ०-४. नेहमीचा गोलकीपर आलेक्झांडर फामुला उपलब्ध नव्हता म्हणून पोराला उभं केलं, चार गोल खाल्ले आणि पोरगं परत बाकावर गेलं. पहिल्या क्रमांकाचा गोलकीपर व्हायला पुढची जवळपास तीन वर्षं गेली. १९९०-९१ च्या हंगामात प्रशिक्षक विनफ्रीड शेफर यांनी फामुलाच्या जागी त्याला कायम केलं.

कार्ल्सरुहेचा सोन्याचा काळ म्हणजे १९९३-९४ चा यूएफा चषक. व्हॅलेन्सियाकडे जाऊन हा संघ १-३ हरला आणि परतीच्या सामन्यात घरच्या मैदानावर त्यांना ७-० ने धुतलं. एडगर श्मिटने त्यात चार गोल केले. पुढे उपांत्य फेरीत ऑस्ट्रियाच्या साल्झबुर्गने त्यांना बाहेरच्या मैदानावरच्या गोलच्या हिशेबावर बाहेर काढलं, पण तोवर कान हे नाव देशभर झालं होतं. व्हॅलेन्सिया हे नाव लक्षात ठेवा, प्रश्न ७ मध्ये पुन्हा येईल.

४. बायर्नने त्याला कितीला घेतलं?

१९९४ मध्ये, सुमारे ४६ लाख मार्कांना. तेव्हा जर्मनीत गोलकीपरसाठी एवढे पैसे कुणी मोजले नव्हते. रायमोंड आउमान गेल्यावर रिकामी झालेली जागा त्याने घेतली आणि पहिल्याच हंगामात, नोव्हेंबरमध्ये, गुडघ्याचं क्रूशिएट लिगामेंट तुटलं. काही महिने घरी. परत आल्यावर जून १९९५ मध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध देशाकडून पदार्पण केलं.

बायर्नमध्ये त्याला घासूनपुसून तयार करणारा माणूस म्हणजे सेप मायर, १९७४ च्या जगज्जेत्या जर्मन संघाचा गोलकीपर. क्लबमध्येही तोच गोलकीपरांचा प्रशिक्षक आणि राष्ट्रीय संघातही तोच. प्रश्न १५ मध्ये या मायरमुळेच गुंता होतो.

५. १९९९ च्या फायनलमध्ये दोन मिनिटांत दोन गोल खाल्ले, त्यात कानची चूक होती का?

माझ्या मते नाही. २६ मे १९९९, बार्सिलोनाचं कॅम्प नोऊ, चॅम्पियन्स लीगची फायनल. सहाव्या मिनिटाला मारिओ बास्लरच्या फ्री-किकवर बायर्न पुढे गेलं. उत्तरार्धात मेहमेट शोलचा चेंडू खांबाला लागला, यान्करची ओव्हरहेड किक आडव्या खांबाला लागली. दोन्हींपैकी एक आत गेला असता तर हा प्रश्नच आला नसता. नव्वद मिनिटांनंतर पंचांनी दिलेल्या जादा वेळेत मँचेस्टर युनायटेडला दोन कॉर्नर मिळाले, एकावर शेरिंगहॅम, दुसऱ्यावर सोल्शायर. दोन्ही वेळा चेंडू गोलच्या तोंडाशी, अगदी हाताच्या अंतरावरून वळवला गेला. त्या अंतरावर गोलकीपर फक्त बघ्या असतो.

बचावपटू सॅमी कुफूर हाताच्या मुठींनी जमीन बडवत होता, ती क्लिप सगळ्यांनी पाहिली आहे. प्रश्न ६ वाचताना तोच कुफूर डोळ्यांसमोर ठेवा.

६. ‘वाइटर, इमर वाइटर’ हे तो नेमकं कधी म्हणाला?

जर्मनमध्ये त्याचा अर्थ ‘पुढे, पुढेच जायचं’, आपल्या बोलीत ‘चला, थांबायचं नाही’. हे वाक्य १९ मे २००१ च्या हॅम्बुर्गच्या सामन्याला चिकटलं आहे. तो दिवस असा.

लीगचा शेवटचा दिवस. बायर्नला विजेतेपदासाठी एक गुण, म्हणजे बरोबरी पुरेशी. तिकडे शाल्के आपला सामना उंटरहाखिंगविरुद्ध ५-३ जिंकून मोकळे. हॅम्बुर्गमध्ये ९० व्या मिनिटापर्यंत ०-० आणि तेव्हाच सर्गेई बार्बारेझने डोक्याने गोल केला. १-० हॅम्बुर्ग. गेल्झेनकिर्शेनमध्ये शाल्केचे प्रेक्षक मैदानात उतरले, रडायला लागले, नाचायला लागले. इकडे बायर्नचे खेळाडू कोसळले होते. कानने कुफूरला धरून उभं केलं, चेंडू उचलला आणि सगळ्यांना पुढे ढकलत सुटला.

जादा वेळेत हॅम्बुर्गचा गोलकीपर मथियास शोबर याने आपल्याच खेळाडूने मागे दिलेला चेंडू हाताने उचलला. पंच मार्कस मेर्क यांनी बायर्नला गोलच्या अगदी जवळ अप्रत्यक्ष फ्री-किक दिली. (हा शोबर शाल्केकडूनच उसना आलेला होता. कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं.) कान स्वतः धावत तिथे पोचला, गर्दीत घुसला. एफेनबर्गने चेंडू सरकवला, स्वीडिश बचावपटू पॅट्रिक अँडरसनने फटका मारला आणि चेंडू माणसांच्या भिंतीतून आत. १-१. त्यानंतर कान कोपऱ्यातला झेंडा उपटून पाठीवर पडला आणि तसाच ओरडत राहिला. शाल्केचं विजेतेपद चार मिनिटं टिकलं.

७. २००१ च्या फायनलमध्ये त्याने किती पेनल्टी अडवल्या? कुणी दोन म्हणतं, कुणी तीन.

तीन. हॅम्बुर्गनंतर चारच दिवसांनी, २३ मे २००१, मिलानचं सान सिरो, चॅम्पियन्स लीगची फायनल, समोर व्हॅलेन्सिया. हा संपूर्ण सामनाच पेनल्टींचा होता. तिसऱ्या मिनिटाला मेंडिएटाने पेनल्टीवर गोल केला. थोड्याच वेळात बायर्नला पेनल्टी मिळाली, शोलची ती व्हॅलेन्सियाचा गोलकीपर कान्यिझारेस याने पायाने अडवली. ५० व्या मिनिटाला आणखी एक पेनल्टी, एफेनबर्गचा गोल, १-१. पुढे काहीच नाही आणि मग शूटआउट.

पावलो सर्जिओने बायर्नची पहिलीच पेनल्टी आकाशात मारली. मेंडिएटा आणि कॅरू यांनी व्हॅलेन्सियाचे गोल केले. तिसरा आला झाहोविच, कानने अडवली. चौथा कार्बोनी. हा चेंडू कानच्या हाताला लागून वर गेला, आडव्या खांबावर आदळला आणि बाहेर. गोंधळ होतो तो इथेच. कुणी ही ‘खांबाला लागली’ म्हणून सोडून देतात आणि दोन मोजतात. पण हात लागला नसता तर ती आत होती. मधे अँडरसनची पेनल्टी कान्यिझारेसने अडवली, त्यामुळे पाच-पाच झाल्यावरही बरोबरीच राहिली. मग सडन डेथ, म्हणजे एकाने मारली आणि दुसऱ्याची चुकली की खेळ खलास. लिझाराझू, किली गोन्झालेस, लिंके, सगळ्यांनी मारल्या. सातव्या पेनल्टीला पेलेग्रिनो आला आणि कानने तिसरी अडवली. ५-४.

आता जवळून बघण्यासारखी गोष्ट. सगळा बायर्न संघ जल्लोष करतोय आणि कान चालत जातोय तो कान्यिझारेसकडे, जो मैदानावर पडून हमसून रडतोय. त्याला उठवायला, समजवायला. यासाठी यूएफाने कानला फेअर प्ले पुरस्कार दिला. रागीट म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाला वागणुकीचा पुरस्कार मिळाला आणि तो रास्तही होता.

गोल्डन बॉल वगैरे ठीक आहे, पण माझ्या मते त्याची सगळ्यात मोठी रात्र हीच. त्या वाटेवर बायर्नने उपांत्यपूर्व फेरीत मँचेस्टर युनायटेडला आणि उपांत्य फेरीत रेआल माद्रिदला दोन्ही सामन्यांत हरवलं होतं, हेही विसरू नका.

८. तो खरंच समोरच्या खेळाडूला चावला होता का?

चावला नव्हता, पण बघणाऱ्याला तसंच वाटलं, यात बघणाऱ्याचा दोष नाही. एप्रिल १९९९, डॉर्टमुंडविरुद्ध. एकाच सामन्यात त्याने स्टेफान शापुइझाच्या दिशेने दोन्ही पाय पुढे करून कुंग-फू पद्धतीची उडी घेतली (लागली नाही) आणि हायको हेरलिखच्या मानेपाशी तोंड नेऊन दात दाखवले. आज कॅमेऱ्यावर तपासणी झाली असती तर सामना तिथेच संपला असता त्याचा. त्या दिवशी मात्र तो मैदानावर राहिला, लार्स रिकनची पेनल्टी अडवली आणि सामना २-२ सुटला. डॉर्टमुंडवाले आजही यावर चिडतात आणि त्यांचं काही चुकत नाही.

९. त्याच्यावर केळी का फेकायचे?

प्रतिस्पर्ध्यांचे प्रेक्षक त्याला गोरिला म्हणून डिवचायचे, माकडासारखे आवाज काढायचे आणि गोलमध्ये केळी फेकायचे. वर्षानुवर्षं, जवळपास प्रत्येक परक्या मैदानावर. तो त्यावर फारसा बोलला नाही, खेळत राहिला. पण एप्रिल २००० मध्ये फ्रायबुर्गला प्रेक्षकांतून आलेला गोल्फचा चेंडू त्याच्या डोक्याला लागला. रक्त येत असताना तो रागाने प्रेक्षकांच्या दिशेने निघाला, त्याला धरावं लागलं. टाके-पट्टी झाली आणि तो पुन्हा गोलमध्ये उभा राहिला. ‘तो इतका का चिडायचा’ असा प्रश्न विचारणाऱ्यांनी ही क्लिप आधी बघावी.

१०. त्याने हाताने गोल केला होता म्हणे. गोलकीपरला तर हात वापरता येतो ना?

येतो, पण फक्त स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात. मार्च २००१, हान्सा रोस्टोक विरुद्ध बायर्न. बायर्न २-३ मागे, अखेरची मिनिटं, कॉर्नर. कान समोरच्या गोलपाशी गेला, उडी मारली आणि दोन्ही मुठींनी चेंडू जाळ्यात ठोसला. आपल्या गोलमध्ये करायची सवयच तशी. समोरच्या पेनल्टी क्षेत्रात गोलकीपर हा इतर दहा जणांसारखाच खेळाडू असतो, म्हणून हा सरळ हँडबॉल. पिवळं कार्ड आणि आधीचं एक होतं, म्हणून लाल. नंतर यावर त्याने स्वतःही विनोद केला.

जोडप्रश्न नेहमी येतो, की गोलकीपरने स्वतःच्या क्षेत्रातून हाताने फेकलेला चेंडू थेट समोरच्या गोलमध्ये गेला तर? २०१९ च्या नियमबदलापासून तो गोल धरत नाहीत, समोरच्याला गोल-किक मिळते. लाथेने मारला असेल तर मात्र गोल.

११. ‘अंडी पाहिजेत’ हा काय प्रकार आहे?

नोव्हेंबर २००३ मध्ये शाल्केकडून ०-२ हरल्यावर पत्रकाराने विचारलं, संघात कशाची कमी आहे? कान म्हणाला, ‘आयर! वीर ब्राउखेन आयर!’ शब्दशः ‘अंडी! आम्हाला अंडी पाहिजेत!’ जर्मन बोलीत अंडी म्हणजे काय ते शहाण्याला सांगायला नको. सभ्य मराठीत ‘धमक’ म्हणा. कोल्हापूरच्या तालमीतल्या पोरांना वेगळा शब्द सुचेल आणि तो जास्त अचूक असेल.

१२. २००२ मध्ये जर्मनी फायनल हरली, तरी गोल्डन बॉल कानला कसा? रोनाल्डोवर अन्याय झाला का?

आधी परिस्थिती बघा. सप्टेंबर २००१ मध्ये याच कानने म्युनिकमध्ये इंग्लंडकडून १-५ असा मार खाल्ला होता, ओवेनची हॅटट्रिक. युक्रेनविरुद्ध प्ले-ऑफ खेळून जर्मनी कशीबशी विश्वचषकाला पोचली. कुणीही या संघावर पैसे लावले नसते.

तिथे सात सामन्यांत कानने खाल्लेले गोल तीन. त्यातला एक आयर्लंडच्या रॉबी कीनचा, जादा वेळेतला. उरलेले दोन थेट फायनलमध्ये. सौदी अरेबिया ८-० आणि कॅमेरून २-० सोडले तर बाद फेरीत पॅराग्वे, अमेरिका, दक्षिण कोरिया, तिन्ही विजय १-० चे. त्यातल्या अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात जर्मनीचा खेळ अगदी सामान्य होता. डोनोव्हनचे प्रयत्न कानने काढले नसते तर गाशा तिथेच गुंडाळला असता. अशी एकेका गोलची पुंजी सांभाळून संघ अंतिम फेरीत गेला, म्हणून पत्रकारांनी त्याला मतं दिली.

ब्राझीलच्या रोनाल्डोचं म्हणाल, तर त्याने आठ गोल करून गोल्डन बूट घेतला आणि गोल्डन बॉलच्या मतदानात दुसरा आला. मतं फायनलचा निकाल लागण्याआधीच पडायला सुरुवात झाली होती, हे खरं. सामना संपल्यावर मतदान झालं असतं तर? तर बहुधा रोनाल्डो. यावर वाद घालायला माझी हरकत नाही, पण सहा सामन्यांचं काम एका निसटलेल्या चेंडूने पुसावं, हे मला पटत नाही.

१३. फायनलमधला तो चेंडू बोटाच्या दुखापतीमुळे सुटला का?

३० जून २००२, योकोहामा. रविवार होता, आपल्याकडे दुपारचे साडेचार, बाहेर पाऊस. ६७ व्या मिनिटाला रिवाल्डोने जमिनीलगत फटका मारला. असे चेंडू कान झोपेत धरत असे. तो छातीशी आला, हातातून उडाला आणि धावत आलेल्या रोनाल्डोच्या पायाशी पडला. ७९ व्या मिनिटाला रोनाल्डोनेच दुसरा केला.

त्याच सामन्यात आधी झालेल्या धडकेत कानच्या अनामिकेचं लिगामेंट फाटलं होतं, हे खरं आहे. पण त्याने स्वतः ही सबब पुढे केली नाही, चूक आपली म्हणून घेतली. मग आपण वकिली का करावी? सामना संपल्यावर तो गोलच्या खांबाला पाठ टेकून कितीतरी वेळ तसाच उभा होता, नंतर खाली बसला. हातमोजे अजून घातलेले, पाण्याची बाटली बाजूला. आमच्या घरी सगळे ब्राझीलचे, फटाके आणून ठेवलेले. तरी ते चित्र टीव्हीवर आलं तेव्हा क्षणभर कुणी काही बोललं नाही.

मोठ्या सामन्यातली ही एकच चूक नव्हे. फेब्रुवारी २००४ मध्ये रेआल माद्रिदविरुद्ध रॉबर्टो कार्लोसची लांबून आलेली फ्री-किक त्याच्या अंगाखालून गेली, जिंकत आलेला सामना १-१ झाला आणि परतीचा सामना बायर्न हरलं.

१४. त्याने विश्वचषक किंवा युरो जिंकला आहे का? काही ठिकाणी ‘युरो विजेता’ लिहिलेलं दिसतं.

विश्वचषक नाही. युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, आहे, पण मैदानावर एकही मिनिट न खेळता. १९९६ च्या विजेत्या संघात तो होता, गोलमध्ये मात्र आंद्रेआस कोप्के. जखमी खेळाडूंची संख्या इतकी वाढली की फायनलआधी दोन राखीव गोलकीपरांसाठी, म्हणजे कान आणि ऑलिव्हर रेकसाठी, मैदानी खेळाडूंच्या जर्सी तयार ठेवल्या होत्या. कान स्ट्रायकर म्हणून उतरला असता तर काय झालं असतं, ही कल्पना फार करू नये.

१९९४ च्या आणि १९९८ च्या विश्वचषकातही तो संघात होता आणि बाकावरच बसला. म्हणजे विश्वचषकातला त्याचा पहिला सामना थेट २००२ मध्ये, तिशी उलटल्यावर. युरो २००० आणि २००४ तो खेळला, दोन्ही वेळा जर्मनी गटातच गारद.

वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बॅलन द’ओरही नाही. २००१ आणि २००२, दोन्ही वर्षी तिसरा. तो पुरस्कार मिळालेला गोलकीपर आजवर एकच, १९६३ चा लेव्ह याशिन.

१५. २००६ मध्ये घरच्या विश्वचषकात लेहमनला का खेळवलं?

२००४ मध्ये युर्गेन क्लिन्समन प्रशिक्षक झाला आणि त्याने पहिल्या क्रमांकाची जागा खुली केली. कर्णधारपद कानकडून बालाककडे दिलं. ऑक्टोबरमध्ये सेप मायरला काढलं, कारण तो उघडपणे कानची बाजू घेत होता, आणि कोप्केला आणलं. कारण सांगितलं गेलं ते खेळाच्या पद्धतीचं. क्लिन्समनला बचावफळी पुढे ठेवायची होती आणि तिच्या मागची मोकळी जागा पळत येऊन झाकणारा, पायाने बरा खेळणारा गोलकीपर हवा होता. आर्सेनलमध्ये येन्स लेहमन तेच करत होता. ७ एप्रिल २००६ ला निर्णय जाहीर झाला: लेहमन.

सगळ्यांना वाटलं, कान आता तणतणत निघून जाणार. तीन दिवसांनी त्याने जाहीर केलं की दुसरा गोलकीपर म्हणून येतो. बर्लिनला अर्जेंटिनाविरुद्ध उपांत्यपूर्व सामना पेनल्टींवर गेला, तेव्हा तो बाकावरून उठून लेहमनपाशी गेला, वाकून हात हातात घेतला, काही बोलला. या दोघांचं वर्षानुवर्षं पटत नव्हतं, हे अख्ख्या देशाला ठाऊक होतं. लेहमनने आयाला आणि कांबियासोच्या पेनल्टी अडवल्या. पेनल्टी मारणाऱ्यांच्या सवयी लिहिलेली, मोज्यात ठेवलेली ती प्रसिद्ध चिठ्ठी याच सामन्यातली, कोप्केने दिलेली.

तिसऱ्या क्रमांकाचा पोर्तुगालविरुद्धचा सामना कानला दिला, कर्णधार म्हणून. ८ जुलै, श्टुटगार्ट, ३-१. तो ८६ वा आणि देशाकडून शेवटचा.

१६. कान मोठा की मॅन्युएल नॉयर?

आकड्यांत नॉयर. कान निवृत्त झाला तेव्हा एकही गोल न खाल्लेल्या सर्वाधिक बुंडेसलिगा सामन्यांचा विक्रम त्याच्या नावावर होता, नॉयरने तो मागे टाकला. शिवाय नॉयरकडे २०१४ चा विश्वचषक आहे.

पण दोघांचं काम वेगळं होतं. मागे दिलेला चेंडू हाताने उचलायला बंदी आली १९९२ मध्ये, कान तेव्हा २३ वर्षांचा. त्याचं सगळं शिक्षण जुन्या शाळेतलं, म्हणजे रेषेवर उभं राहायचं, फटका आला की काढायचा. नॉयर नव्या नियमातच वाढला, म्हणून तो पेनल्टी क्षेत्राबाहेर येऊन बचावपटूसारखा खेळतो. संघ पुढे सरकून खेळणार असेल तर मी नॉयरला घेईन. १-० पुढे आहोत, दहा मिनिटं उरलीत आणि समोरचे तुटून पडलेत, तर कान.

१७. कानचा शेवटचा सामना कोलकात्यात झाला, हे खरं की अफवा?

खरं, पण ‘शेवटचा’ कशाला म्हणता त्यावर उत्तर बदलतं. देशाकडून शेवटचा वर आलाच (प्रश्न १५). बुंडेसलिगातला शेवटचा १७ मे २००८ चा, हेर्थाविरुद्ध ४-१. त्यानंतर बायर्न आशियाच्या दौऱ्यावर आलं आणि २७ मे २००८ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागानविरुद्ध खेळलं. बायर्न ३-० जिंकलं. बायर्नचा सक्रिय खेळाडू म्हणून हा त्याचा शेवटचा सामना, लाखाच्या वर प्रेक्षकांसमोर. पुढे २ सप्टेंबरला म्युनिकमध्ये बायर्न विरुद्ध जर्मनी असा औपचारिक निरोपाचा सामना झाला, १-१. ‘शेवटचा’ म्हणून विकिपीडियापासून प्रश्नमंजूषेपर्यंत वेगवेगळी उत्तरं दिसतात ती यामुळे.

१८. मुलगी गोलकीपिंग शिकतेय. तिला कानचे कोणते सामने दाखवू?

पूर्ण सामने दाखवा, ‘टॉप टेन सेव्ह्ज’ नकोत. २००२ चा अमेरिकेविरुद्धचा पहिला, कारण त्यात एक गोलकीपर नव्वद मिनिटं कुठे उभा राहतो ते दिसतं. मग २००१ च्या फायनलचं शूटआउट. तिसरा, रॉबर्टो कार्लोसची ती फ्री-किक. हो, चुकीची. शरीर चेंडूच्या मागे पूर्ण आलं नाही की काय होतं, हे त्याहून चांगलं कुठेच दिसत नाही. डॉर्टमुंडचा सामना ती मोठी झाल्यावर.

१९. निवृत्तीनंतर तो बायर्नचा प्रमुख झाला होता ना? मग काढलं का?

मधली बारा वर्षं तो झेडडीएफ या वाहिनीवर फुटबॉलचा जाणकार म्हणून बसत असे. जानेवारी २०२० मध्ये बायर्नच्या कार्यकारी मंडळावर आला आणि जुलै २०२१ मध्ये कार्ल-हाइन्झ रुमेनिगेच्या जागी मुख्य कार्यकारी अधिकारी झाला. मार्च २०२३ मध्ये प्रशिक्षक नागल्समनला अचानक काढून टुखेलला आणलं. त्यानंतर संघ चषकातून आणि चॅम्पियन्स लीगमधून बाहेर पडला आणि लीगही हातातून निसटायला आली. खापर कान आणि क्रीडा संचालक सालिहामिजिच यांच्यावर फुटलं. हा तोच सालिहामिजिच, ज्याने २००१ च्या मिलानमधल्या शूटआउटमध्ये आपली पेनल्टी मारली होती.

लीगच्या शेवटच्या दिवशी डॉर्टमुंडला घरच्या मैदानावर माइन्झला फक्त हरवायचं होतं. ते २-२ अडकले. तिकडे कोलोनमध्ये ८९ व्या मिनिटाला मुसियालाने गोल केला आणि विजेतेपद पुन्हा बायर्नचं. मैदानावर उड्या मारणं चालू असतानाच बातमी आली, की कानला पदावरून दूर केलं आहे. तो कोलोनला नव्हता. संघासोबत यायला क्लबने मनाई केली, असं त्याने स्वतःच त्या दिवशी लिहिलं. शहर तेच कोलोन, ज्यांच्या संघाने अठराव्या वर्षी त्याला चार गोल मारले होते. तारीख २७ मे, कोलकात्याला बरोबर पंधरा वर्षं झाली त्या दिवशी.